वस्त्रावरील अक्षर

एखाद्या कार्यास वाहून घेतलेल्या मंडळींनी त्या कार्याची खूण अंगावर बाळगावी, ही रीत आपल्याकडे नवी नाही. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ, सेवादलाच्या सैनिकाची टोपी, शाळेच्या क्रीडासंघाचा सदरा, या साऱ्यांच्या मुळाशी भावना एकच असते : आपण एकटे नाही आणि आपल्या सोबत्यांना आपली ओळख पटावी. या खुणांत आता छापील टी-शर्टाची भर पडली आहे. संगणकाच्या जाळ्यावर एकत्र येऊन विनावेतन ज्ञानकोश लिहिणाऱ्या विकिपीडियाच्या स्वयंसेवकांना तर अशा खुणेची विशेष गरज वाटते; कारण वर्षानुवर्षे एकाच लेखावर काम करणाऱ्या दोघांनी एकमेकांचा चेहरा पाहिलेला नसतो, आणि पुष्कळांनी तर टोपणनावेच घेतलेली असतात.

अशी वस्त्रे कशी करावीत, हा प्रश्न शिंप्याचा किंवा छापणाऱ्याचा. साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत त्याचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर एका अक्षराच्या गोष्टीने देतो.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ सालचा. त्याच साली या ज्ञानकोशाने एक नवे बोधचिन्ह स्वीकारले. कोड्याचे तुकडे जोडून केलेला एक गोल, प्रत्येक तुकड्यावर निरनिराळ्या लिपीतील अक्षर, आणि वरच्या बाजूस काही तुकडे उणे. ज्ञानाचे काम अपुरे आहे, हा त्याचा अर्थ. या गोलावर देवनागरीचाही एक तुकडा होता. त्यावर ‘वि’ हे अक्षर असावयाचे. परंतु ‘व’च्या डावीकडे येणारी पहिली वेलांटी चित्रात भलत्याच बाजूस जाऊन बसली. जपानी तुकड्यावरही अशीच चूक झाली होती. २००७ साली न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाने या चुकांची वार्ता दिली, आणि २०१० साली गोल नव्याने रेखाटला गेला तेव्हा त्या दुरुस्त झाल्या. मधल्या सात वर्षांत त्या मूळ चित्रावरून जे जे छापले गेले, मग तो सदरा असो, पेला असो की कापडी फलक असो, त्यावर देवनागरी अशुद्धच उमटली.

कोणासही दुरुस्ती करता येते, हे त्या ज्ञानकोशाचे ब्रीद. तेथे सकाळी झालेली चूक सायंकाळी पुसता येते. कापडावर मात्र ही सोय नाही. सदरा धुवून विटेल, पण त्यावरील वेलांटी आपली जागा बदलणार नाही. म्हणून पडद्यावरच्या मजकुरापेक्षा वस्त्रावरच्या दोन शब्दांची चिंता अधिक करावी लागते.

ही चूक होते तरी कशी? पहिली वेलांटी आपण व्यंजनाच्या आधी लिहितो, पण उच्चारतो नंतर. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. आधी ‘व’ आणि मग वेलांटी. पडद्यावर दाखविताना वेलांटी डावीकडे नेण्याचे काम संगणकातील आज्ञावलीने करावयाचे असते. ती आज्ञावली जुनी असेल किंवा तिला भारतीय लिपींचे ज्ञान नसेल, तर वेलांटी उजवीकडेच राहते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. त्यातच छपाईच्या दुकानांतून युनिकोडपूर्वीचे टंकही अजून वापरात आहेत. एका पद्धतीचा मजकूर दुसरीत उतरविताना अक्षरांचा गोंधळ उडतो.

आमच्या गावी याचा अनुभव आम्हांस जवळून आला. आमचे गाव बऱ्हाणपूर. मध्य प्रदेशात, तापीच्या काठी, महाराष्ट्राच्या सीमेलगत. येथे अनेक घरांत मराठी आणि बाजारात हिंदी असा व्यवहार चालतो. मराठी विकिपीडियावर थोडेफार लिहिणाऱ्या आम्हां काही मंडळींनी सदरे करावयाचे ठरविले. मजकूर साधा होता : ‘विकिपीडिया, मुक्त ज्ञानकोश’ आणि खाली गावाचे नाव. नमुना हाती आला तेव्हा वेलांट्या जागच्या जागी होत्या, म्हणून आम्ही समाधान पावलो. आमच्यातील एका शिक्षिकाबाईंनी मात्र गावाच्या नावावर बोट ठेवले. ‘बऱ्हाणपूर’ऐवजी ‘बर्हाणपूर’ छापले होते. हिंदीत गावाचे नाव ‘बुरहानपुर’. तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत मात्र ‘ऱ्ह’मधील अर्धा र आणि शिरोरेघेवरचा रफार यांत भेद आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील अंतर वर्गात शिकविणाऱ्यांस तो भेद अधिक समजावून सांगणे नको. दोष सर्वस्वी छापणाऱ्याचा नव्हता. आम्ही मजकूर पाठवून दिला आणि तो त्याच्या संगणकावर कसा दिसतो हे पाहिले नाही.

दुसरी गोष्ट ‘ज्ञानकोश’मधील ‘श’ची. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले, त्यात देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ ही मराठी वळणे ठरविली. हिंदी वळणाची अक्षरे अशुद्ध नव्हेत. पण युनिकोडमध्ये दोहोंस संकेत एकच असल्यामुळे वळण कोणते उमटेल, हे टंकावर अवलंबून राहते. सीमेवरच्या गावात मराठी मजकुरास मराठी वळण हवे असेल, तर टंक आपणच निवडून द्यावा लागतो.

या सर्वांवर उपाय सोपा आहे. मजकूर आपल्या संगणकावर शुद्ध जुळवावा, आणि छापखान्यात देण्यापूर्वी अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर करून घ्यावे. धंद्यात यास ‘कर्व्ह करणे’ म्हणतात. मग ते अक्षर राहत नाही, चित्र होते. आणि चित्रातील वेलांटी कोणतीही आज्ञावली हलवू शकत नाही. त्यानंतर एकच सदरा छापवून तो मराठीच्या शिक्षकाकडून, पुस्तकाचे मुद्रित तपासावे तसा, तपासून घ्यावा.

आता छपाईविषयी. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई कापडावर दाबली जाते. प्रत्येक रंगास स्वतंत्र चौकट लागते. म्हणून एका सदऱ्यास जी पूर्वतयारी, तीच पन्नासांस. संख्या मोठी आणि रंग एक असेल तर ही पद्धत स्वस्त व टिकाऊ. पाच-दहा नगच हवे असतील, तर उष्णतेने चिकटविलेली किंवा यंत्राने थेट कापडावर केलेली छपाई परवडते. विकिपीडियाच्या गोलात करड्या रंगाच्या अनेक छटा आहेत, त्या जाळीतून नीट उतरत नाहीत. एकरंगी रेखाचित्र घेणे बरे. अक्षर फार बारीक घेतल्यास ‘ज्ञ’सारख्या अक्षराच्या पोकळ्या शाईने भरून जातात, हेही ध्यानात ठेवावे.

कापडाविषयी एक सूचना करावीशी वाटते. टी-शर्टाचे कापड मागावरचे नव्हे. ते उभ्या-आडव्या धाग्यांचे नसून एका धाग्याचे फासे दुसऱ्यात गुंतवून केलेले असते, आणि त्याचे मोठे केंद्र तमिळनाडूतील तिरुप्पूर हे आहे. बऱ्हाणपुरात चालतात ते यंत्रमाग. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने येथील तलम, पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया व पोलंडपर्यंत जात असल्याची आणि त्यातील काहींवर रंगीत फुले काढीत असल्याची नोंद केली आहे. अशा गावाने आपल्या स्वयंसेवकांसाठी बाहेरचा टी-शर्टच का घ्यावा? मागावरच्या जाड सुती कापडाची खांद्यावरची पिशवी अधिक उपयोगी पडते, तिला लहान-मोठ्या मापांचा प्रश्न नसतो, आणि पुस्तके तिच्यातच राहतात. आमचा दुसरा प्रयत्न पिशवीचाच होता.

देण्याघेण्याचीही काही नीती असावी. विकिपीडियाचे नाव व चिन्ह ही विकिमीडिया फाउंडेशनची नोंदविलेली व्यापारचिन्हे आहेत. मजकूर मुक्त असला तरी चिन्ह छापलेल्या वस्तू विकावयाच्या असल्यास परवानगी घ्यावी लागते. आणि इतके लेख लिहा, सदरा मिळवा, असे आमिष तर कधीच दाखवू नये. तसे केल्याने लेखांची संख्या वाढते आणि मोल उतरते. शिवाय विनावेतन काम करणाऱ्यास वेतन मिळू लागते, तेही फार थोडे! सहकाऱ्यांनीच एखाद्याचे नाव सुचवावे आणि त्यास सदरा पाठवावा, अशी प्रथा त्या फाउंडेशनने चालविली होती. ती आम्हांस योग्य वाटते. काम आधी, खूण नंतर.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत एक शिलालेख आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतान आदिलशहा याने ही मशीद बांधविली, आणि अरबी लेखाबरोबर नागरी लिपीतील संस्कृत लेखही कोरविला. त्यात त्या घराण्याची वंशावळ आहे. कोरणाऱ्यास ठाऊक होते की दगडावर दुसऱ्यांदा लिहिता येत नाही. चारशेहून अधिक वर्षे तो लेख येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर उभा आहे. आपली पिशवी फार तर पाच वर्षे टिकेल; पण तेवढ्या काळात ती आठवडी बाजारात, आगगाडीत, शाळेच्या आवारात हिंडेल, आणि ज्याने एकही मराठी ग्रंथ उघडला नाही अशा मुलाच्याही दृष्टीस पडेल. त्याने वाचलेले ते दोन शब्द शुद्ध असावेत, एवढी काळजी घेणे शिक्षकांस आणि साहित्यसंस्थांस कठीण नाही. छापण्यापूर्वी नमुना एकदा मागून घेतला, तरी पुरे आहे.