सहावी, सातवी, आठवी : शिकावयाचे ते काय?

दरवर्षी शाळा उघडली की पालक येतात, प्रवेशाचे कागद पुरे करतात आणि जाता जाता विचारतात, "ह्या वर्षी पोराला विषय किती?" संख्या सांगणे सोपे आहे. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान. पुढे दहावीच्या परीक्षेत हेच सहा विषय ६२५ गुणांचे होतात. प्रथम भाषेस १२५ आणि उरलेल्या पाचांस प्रत्येकी १००. परंतु विषय किती, ह्यापेक्षा त्या विषयातून घ्यावयाचे काय, हा प्रश्न अधिक कठीण असून तो फारसा कोणी विचारीत नाही. सहावी, सातवी आणि आठवी ह्या मधल्या इयत्ता होत. अक्षरओळख आणि पाढे मागे पडलेले असतात. दहावीची धास्ती अजून दूर असते. म्हणून ही तीन वर्षे बहुधा कशीबशी लोटली जातात, आणि नववीत गेल्यावर विद्यार्थ्यास एकाएकी असे दिसते की, आपण धडे पुष्कळ पाठ केले, पण त्यांतले हाताशी काहीच उरले नाही.

आमच्या मते प्रत्येक विषय विद्यार्थ्यास खऱ्याखोट्याची पारख करण्याची एकेक निराळी रीत देतो. धडे विसरले तरी ती रीत राहिली पाहिजे. आणि ती राहिली की नाही ह्याची परीक्षा पुस्तकाबाहेर, आपल्या कमलनगरातच घेता येते.

आरंभ मराठीपासून करणे प्राप्त आहे, कारण आपल्या शाळेत गणित आणि विज्ञानही मराठीतूनच समजून घ्यावयाचे असते. गणितात कच्चा म्हणून ओळखला जाणारा विद्यार्थी पुष्कळदा गणितात कच्चा नसतोच; त्याला उदाहरण वाचता येत नाही. "किमान", "अनुक्रमे", "च्या तुलनेत", "वगळता" हे शब्द जेथे अडतात तेथे सूत्र पाठ असूनही उपयोग होत नाही. मधल्या इयत्तांत मराठीचे मुख्य काम आम्हांस असे वाटते : एक पान वाचून त्यातील मुद्दा पाच वाक्यांत स्वतःच्या शब्दांनी लिहिता यावा; लेखकाने सांगितलेली गोष्ट आणि त्याने दिलेले कारण ही वेगळी काढता यावीत; आणि शब्द अडला तर शब्दकोश उघडण्याची सवय लागावी. घरच्या बोलीची लाज धरण्याचे कारण नाही. आपल्या बोलीत कन्नड, उर्दू आणि तेलुगू शब्द मिसळले आहेत ते ह्या भूमीचे देणे होय. मात्र अर्ज, उत्तर आणि निबंध लिहिताना ग्रंथांतील मराठी वापरता आली पाहिजे, आणि दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे.

ह्यानंतर कन्नड. येथे आम्हांस थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. काही घरांत अशी समजूत आहे की, कन्नड मन लावून शिकणे म्हणजे मराठीस उणेपणा आणणे. ही समजूत विद्यार्थ्याच्या मुळावर येते. राज्याची सीमा कोठे असावी ह्याविषयी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो प्रश्न मोठ्या माणसांचा आणि न्यायालयाचा. तालुक्याच्या कचेरीतील कागद मात्र आजच वाचावा लागतो. १९६३ च्या राजभाषा कायद्याने ह्या राज्याचा कारभार कन्नडमधून चालतो. शेताची पहाणी कन्नडमध्ये निघते. ज्या घरात ती कोणालाच वाचता येत नाही, त्या घरातील माणूस आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतो, आणि दुसरा जे सांगेल ते खरे मानतो. आठवीच्या अखेरीस मुलाला किंवा मुलीला घरची पहाणी वाचून तिचा अर्थ मराठीत सांगता यावा, ही अपेक्षा मुळीच फार नाही.

शिवाय हे काम वाटते तितके अवघड नाही. दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी; वर्णमालेचा क्रम एकच. 'ळ' दोन्हीकडे आहे. नवीन शिकावयाचे ते ऱ्हस्व 'ए' आणि ऱ्हस्व 'ओ'. मराठीत हा भेद नाही, कन्नडमध्ये त्याने अर्थ बदलतो, म्हणून तेथे कान लावावा. संस्कृतातून आलेले पुष्कळ शब्द थोड्या फरकाने ओळखीचेच निघतात : भाषा तेथे 'भाषे' होते, विद्या 'विद्ये', संख्या 'संख्ये', शाळा 'शाले'. उलट अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे आपण मराठी म्हणून वापरतो ते शब्द कन्नडकडून आलेले आहेत. सावध राहावयाचे ते सारख्या दिसणाऱ्या शब्दांविषयी. मराठीत 'अवसर' म्हणजे संधी; कन्नडमध्ये घाई. 'उपन्यास' हिंदीत कादंबरी, कन्नडमध्ये व्याख्यान. आणि हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण असले तरी मराठीत आणि कन्नडमध्ये तो दंडच आहे. काही विद्यार्थ्यांना हा फरक फारसा जाणवत नसावा!

मातृभाषेसाठी झटणे म्हणजे काय, हे ह्या भागातील कन्नड भाषिकांनाही चांगले ठाऊक आहे. निजामी राजवटीत वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून होत असे. त्या काळात, कमलनगरातच जन्मलेले भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांनी बाहेर उर्दूची पाटी लावून आत मुलांना कन्नड शिकविले, असे येथील जुनी मंडळी सांगत आली आहेत. मराठी शाळेतील मुलांनी ही हकीकत आपलीच समजून ऐकावी.

इंग्रजीविषयी थोडक्यात सांगतो. दहावीनंतर विज्ञानशाखेकडे जाणाऱ्यास एकाएकी सर्व संज्ञा इंग्रजीत भेटतात, आणि हुशार मुलेही पहिल्या सहामाहीत गांगरतात. ह्यावर एक स्वस्त उपाय आहे. सहावीपासून वहीत तीन रकाने आखावे आणि प्रत्येक नवी संज्ञा तिन्ही भाषांत लिहावी : त्रिकोण, त्रिभुज, ट्रायँगल, प्रकाशसंश्लेषण, द्युतिसंश्लेषणे, फोटोसिंथेसिस. रोज दोन शब्द लिहिले तरी तीन वर्षांत हजारावर शब्द होतात. हिंदी तर कानावर पडतेच. तिला वाचनाची जोड द्यावी म्हणजे झाले.

आता गणित. आपल्या भागात कित्येक कुटुंबांची थोडी जमीन कर्नाटकात आणि थोडी महाराष्ट्रात असते. इकडच्या पहाणीत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते, पलीकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. समजा, पहाणीवर २-३० असा आकडा आहे. दशांश अपूर्णांक नुकतेच शिकलेला विद्यार्थी हा आकडा २.३० एकर असा वाचण्याचा संभव आहे. परंतु एका एकराचे गुंठे चाळीस. म्हणून २ एकर ३० गुंठे म्हणजे पावणेतीन, अर्थात् २.७५ एकर होत. एकूण ११० गुंठे. २.३० एकराचे गुंठे केवळ ९२ भरतात. एका टिंबाच्या समजुतीत अठरा गुंठे जमीन नाहीशी झाली! हेच क्षेत्र हेक्टरमध्ये मांडावयाचे तर एक गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर धरून ११० ने गुणावे. उत्तर सुमारे ११,१२९ चौरस मीटर, म्हणजे १ हेक्टर ११ आर आणि वर २९ चौरस मीटर येते. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असल्यामुळे लोक बोलताना आरालाही गुंठाच म्हणतात. विद्यार्थ्याने तसे लिहू नये. अपूर्णांक, गुणोत्तर, एकके, क्षेत्रफळ ही सहावी-सातवीची सारी प्रकरणे ह्या एका कागदात आली आहेत.

गणिताचे दुसरे अंग ह्याहून खोल आहे आणि तेच पुष्कळदा वगळले जाते. वर्गातील तीस विद्यार्थ्यांनी तीस निरनिराळे त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजले, तर कोणाची बेरीज १७९ अंश येईल, कोणाची १८१. मोजणीने आपण एवढेच म्हणू शकतो की, बेरीज १८० च्या आसपास दिसते. परंतु त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा आणि व्युत्क्रम कोन पाहा. आता न मोजलेल्या, कधीही न काढलेल्या त्रिकोणाविषयीही बेरीज नेमकी १८० अंश असे निश्चयाने सांगता येते. मोजून कळणे आणि सिद्ध करून कळणे ह्यांतील हे अंतर ज्याला सातवी-आठवीत एकदा लख्ख दिसले, त्याला भूमितीचे भय उरत नाही. ज्याला दिसले नाही तो प्रमेये स्तोत्राप्रमाणे म्हणत राहतो.

विज्ञानात मात्र मोजण्यावाचून गती नाही. श्रावणाच्या सुमारास तुरीचे किंवा मुगाचे एखादे रोप, अर्थात् शेतमालकाच्या परवानगीने, हलक्या हाताने मुळासकट उपटावे आणि माती धुऊन टाकावी. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग असेल तर तेथील जीवाणू हवेतील नायट्रोजन रोपासाठी बांधून ठेवीत आहेत असे समजावे. कडधान्यानंतर ज्वारी चांगली येते, हे आजोबांना ठाऊक असते. ती का येते, हे नातवाने आठवीच्या विज्ञानातून त्यांना सांगावे. प्रयोग करताना एकच नियम कटाक्षाने पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन कुंड्यांत माती, बी आणि पाणी सारखे ठेवून एक कुंडी सावलीत ठेवली, तर फरक उजेडाचा. माती, पाणी आणि जागा तिन्ही बदलली, तर निष्कर्ष काहीच निघत नाही. आणि गावगप्पांतील पुष्कळ "अनुभव" ह्याच जातीचे असतात.

पावसाचे उदाहरणही घरचेच आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद छपरावर ३० मिलिमीटर पाऊस पडला तर सहा हजार लिटर. एका एकरावर सव्वा लाख लिटरांच्या जवळपास. एवढे पाणी आले आणि गेले कोठे, हा प्रश्न विचारला की भूगोल सुरू होतो. काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बीदरचे पठार तांबड्या जांभ्या दगडाचे असल्याने तेथे पाणी आत झिरपते, आणि म्हणूनच बहामनी काळातील जमिनीखालचे कालवे तेथे, नौबादजवळ, खोदता आले.

भूगोल न कळल्याची किंमत ह्या भागाने पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली सापडून : चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे भारी माळवद. तशी घरे आपल्याकडेही अद्याप उभी आहेत. भिंतीत आडवे बंध का असावेत, कोपरे का बांधावेत, वरचा भार हलका का असावा, हे आठवीच्या बल आणि दाबाच्या प्रकरणाशेजारीच शिकावयास हवे.

इतिहासात सनावळीपेक्षा साक्ष तपासण्यास शिकावे. १९५६ पूर्वीचा बीदर जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके त्यात दिसतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात. त्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. एकाच घरातील दोन बहिणी त्या दिवशी दोन राज्यांच्या झाल्या असतील. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, त्या दिवसांची आठवण एका घरात एक सांगतात, शेजारच्या घरात दुसरी. काहींनी रझाकारांचा जुलूम सोसला, तर काहींनी नंतरच्या दिवसांतला. विद्यार्थ्याने दोन्ही ऐकून लिहून ठेवावे. कोणी स्वतः पाहिले आणि कोणी ऐकले हे समोर नोंदवावे. आणि मग छापील ग्रंथाशी ताडून पाहावे.

सर्व विषय एका ठिकाणी आणण्याची कल्पनाही आपल्या जिल्ह्यास नवी नाही. बाराव्या शतकात कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचविला. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग. त्यांत राज्यकारभार आहे, वैद्यक आहे, हत्ती आहेत, स्वयंपाक, संगीत आणि खेळही आहेत. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, ही नोंदही त्यातच सापडते. कन्नड देशीच्या राजधानीतील संस्कृत ग्रंथात मराठी ओवी! चित्रकला आणि हस्तव्यवसाय हे तास रिकामे समजणाऱ्यांनीही हा ग्रंथ आठवावा. बीदरी कारागीर जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची वेल जडवितो, आणि किल्ल्यातील माती व नवसागर लावून धातू काळा करतो. चांदी मात्र पांढरीच राहते. त्या एका सुरईत रसायन किती आणि चित्रकला किती, हे वेगळे काढून दाखविणे कठीण आहे.

घरच्या मंडळींस अखेरीस इतकेच सुचवितो की, ह्यासाठी स्वतः शिकलेले असावे लागत नाही. रात्री जेवताना "किती गुण मिळाले?" असे विचारण्याऐवजी "हे तुला कसे कळले?" असे विचारावे. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत पेटीतील पहाणी काढून मुलीच्या हाती द्यावी, सोबत मोजपट्टी द्यावी, आणि बांधावर तिच्याबरोबर चालत जावे. कागदावरचे क्षेत्र आणि पायाखालचे क्षेत्र जुळते की नाही, हे तिने मोजून सांगावे.