सेवापथक गावात येते तेव्हा

खरिपाची पिके घरात आली आणि रब्बी ज्वारी डोलू लागली की छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील अनेक गावांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पथके मुक्कामास येतात. ही राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होत. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत या योजनेचा आरंभ झाला. ‘मी नव्हे, तर तुम्ही’ हे तिचे ब्रीद आहे. पाहुण्यांची नीट ओळख असली म्हणजे त्यांच्याकडून योग्य काम करून घेता येते. म्हणून पथकात कोण कोण असते, हे आधी पाहू.

कार्यक्रम अधिकारी : हे महाविद्यालयातील प्राध्यापक असतात. पथकाची शिस्त, भोजन व कामाची आखणी त्यांच्याकडे असते. शिबिराची जागा ठरविण्यासाठी ते येतील, त्याच वेळी गावाने आपली निकड त्यांना सांगावी. शिबिर सुरू झाल्यावर काम शोधू लागल्यास अमूल्य दिवस वाया जातात.

स्वयंसेवक : प्रत्येकाने दोन वर्षांत २४० तास सेवा व एक सात दिवसांचे शिबिर करावयाचे असते. यांतील कित्येक जण शेतकऱ्यांचीच मुले असतात, तर काहींनी कुदळ प्रथमच हाती घेतलेली असते. पहिल्या दिवशी त्यांच्या हातांना फोड येतात. म्हणून आरंभी हलके काम द्यावे. विद्यार्थिनी केवळ घरोघरच्या पाहणीसाठी नसतात, चर खोदण्यातही त्या बरोबरीने असतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना माती नमुन्याची पद्धत लवकर समजते. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी, ती मिसळून चौथाई पद्धतीने अर्धा किलो ठेवावी. बांध, विहीर, झाडाखालची जागा व उकिरडा वगळावा.

गावकरी : पथकाचा हा तिसरा घटक बहुधा विसरला जातो, आणि तेथेच शिबिराचे यश वा अपयश ठरते. शिबिर सात दिवसांत संपते; पाऊस मात्र जूनमध्ये येतो. त्या वेळी विद्यार्थी परीक्षा देऊन घरी गेलेले असतात. उताराचा विचार न करता खोदलेला चर पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो व त्यातून ओघळ पडते. केलेले श्रम मातीसह वाहून जातात.

म्हणून पाणी कोठून धावते हे पाहिलेला एखादा जाणता शेतकरी प्रत्येक गटाबरोबर असावा. ओळंबा लावलेल्या लाकडी चौकटीने समपातळी रेषा आखून घ्यावी. काम माथ्यापासून पायथ्याकडे न्यावे आणि खोदलेली माती चराच्या उताराकडील बाजूस, काठापासून थोडी दूर टाकावी.

या श्रमाचा हिशेब सोपा आहे. ३ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल अशा एका चरात ५४० लिटर पाणी मावते. १०० चरांत ५४,००० लिटर. एक हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी पडते. त्यातील काही जागीच मुरते; वाहू लागलेल्या पाण्यातील मोठा वाटा हे चर अडवू शकतात. मात्र ते गाळाने भरले तर हा हिशेब कागदावरच राहतो.

यास्तव समारोपाच्या दिवशी सत्कारासोबत आणखी एक गोष्ट व्हावी. कोणत्या चरांची देखभाल कोणी करावयाची, हे ग्रामसभेत ठरवून वहीत नोंदवावे. पहिल्या पावसानंतर गाळ काढावा, भरावावर गवत लावावे, आणि पाणी अडलेले पाहण्यास त्या विद्यार्थ्यांना अगत्याने बोलवावे. आपल्या हातचे काम टिकलेले पाहणे, याहून मोठे प्रशस्तिपत्र त्यांना दुसरे कोणते हवे?