यादीची राखण

निवडणूक संपली की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती यंत्राची. हरलेला उमेदवार ईव्हीएमवर खापर फोडतो, जिंकलेल्याला त्याच यंत्रात जनतेचा कौल दिसतो आणि ज्या कागदांच्या आधारावर सगळे मतदान होते, त्या मतदार यादीचे नाव कुणी काढत नाही. 2025 च्या अखेरीस मात्र महाराष्ट्रात उलटे घडले. नगरपालिका आणि महापालिकांच्या निवडणुका तोंडावर आल्या आणि वाद पेटला तो यादीवरून. 1 नोव्हेंबरला महाविकास आघाडी आणि मनसेने मुंबईत ‘सत्याचा मोर्चा’ काढला, ‘दुबार मतदार’ हा शब्द चहाच्या टपरीवर पोहोचला आणि छापील याद्यांत संशयित नावांपुढे दोन-दोन तारे उमटले. ही यादी बनते कशी, फुगते कुठे आणि तिची राखण कोण करते, हे समजून घ्यायला पिंपरी-चिंचवडमधल्या ताथवड्याइतकी सोयीची जागा नाही.

ताथवडे हे मुळात नृसिंहाच्या मंदिराचे, शेतीचे आणि पशुसंवर्धन खात्याच्या वळूमाता प्रक्षेत्राचे गाव. 2009 साली ते महापालिकेत आले. आज बाह्यवळण महामार्गाच्या कडेला उंच इमारती, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये, मुलामुलींची पीजी, हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारे आयटीवाले आणि पाळ्यांप्रमाणे चाकणच्या बसची वाट पाहणारे कामगार, असा इथला संसार आहे. इथला भाडेकरार अकरा महिन्यांचा. करार संपला की माणूस पुनावळ्याला जातो, रावेतला जातो, नाहीतर थेट बेंगळुरू गाठतो. त्याचे नाव मात्र यादीत आहे तिथेच राहते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. ताथवडे ज्या चिंचवड विधानसभा मतदारसंघात येते, तिथे 2024 मध्ये साडेसहा लाखांहून जास्त मतदार होते. राज्यातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी हा एक. फेब्रुवारी 2017 च्या निवडणुकीत महापालिकेच्या यादीत सुमारे बारा लाख नावे होती. जानेवारी 2026 च्या निवडणुकीत ती सतरा लाखांवर गेली. वाढ खरी आहे, शहर वाढलेच आहे. पण या सतरा लाखांतले किती जण आजही त्याच पत्त्यावर राहतात, याचे उत्तर यादी पाहून देता येत नाही.

यादी जवळून पाहण्यासारखी असते. पहिल्या पानावर मतदारसंघाचा क्रमांक, भाग क्रमांक आणि मतदान केंद्राचे नाव. पुढच्या पानांवर तीन रकान्यांत चौकटी, एका पानावर तीस. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग. खरी गोम घर क्रमांकात असते. सोसायटीत इमारत आणि फ्लॅट नीट लिहिलेला सापडतो, पण चाळीत किंवा गावठाणात त्या जागी शून्य, नाहीतर नुसती आडवी रेघ. एकाच नावाची दोन स्पेलिंगे, मराठी लिप्यंतरात बदललेले आडनाव, लग्नानंतर माहेरी आणि सासरी दोन्हीकडे राहिलेले नाव, यांतून संगणकाला दुबार न वाटणारे दुबार तयार होतात. उलट बाजूने, एकाच नावाचे आणि वयाचे दोन खरेखुरे वेगळे ‘संतोष’ संगणकाला एकच वाटतात.

यादीचा मालक कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. यादी बनवतो भारत निवडणूक आयोग. महापालिकेची निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग, ही स्वतंत्र संस्था. राज्य आयोग स्वतःची यादी बनवत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी तो जशीच्या तशी घेतो आणि प्रभागांत वाटून देतो. कार्यालयात याला ‘यादी फोडणे’ म्हणतात. 2026 च्या महापालिकेसाठी ही तारीख 1 जुलै 2025 होती. फोडताना एका प्रभागाचा मतदार चुकून शेजारच्या प्रभागात गेला, तर दुरुस्ती होते. पण मूळ यादीतले नाव काढायचा किंवा नवे घालायचा अधिकार राज्य आयोगाला नाही. म्हणून दुबार नावांवर ओरड झाली तेव्हा एका आयोगाने ‘आम्ही यादी बनवत नाही’ म्हटले आणि दुसरा आयोग ‘ही निवडणूक आमची नाही’ एवढेच म्हणू शकत होता. नागरिकाच्या तक्रारीला दोन दारे होती, आणि दोन्ही दुसऱ्या दाराकडे बोट दाखवत होती.

मधला उपाय म्हणून दोन तारे आले. संभाव्य दुबार नावापुढे ती खूण करायची, त्या मतदाराकडून आधीच लिहून घ्यायचे की तो कुठल्या केंद्रावर मत देणार, आणि तो सापडला नाही तर केंद्रावर त्याची ओळख नीट तपासून हमीपत्र घ्यायचे. उपाय वाईट नाही. पण त्याने दुबार नाव जात नाही, त्यावर फक्त नजर बसते.

यादीत नाव दोनदा असणे आणि मत दोनदा पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक दुबार नावे आळसाने तयार होतात. घर बदलणारा माणूस नवीन मतदारासाठीचा नमुना 6 भरतो आणि जुन्या पत्त्यावरचे नाव तसेच सोडून देतो. कायदा एका व्यक्तीला एकाच ठिकाणी नोंदणीची मुभा देतो, खोटे निवेदन केल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, पण आळसासाठी कुणी कुणाला तुरुंगात टाकत नाही. धोका पुढे असतो. जिचा धनी गावात नाही अशी प्रत्येक नोंद बोगस मतदान करू पाहणाऱ्यासाठी मोकळी जागा ठरते.

आणि ठरवून केलेले प्रयत्नही होतात. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात ऑनलाइन नोंदणीचे हजारो अर्ज आले. प्रत्यक्ष पडताळणीत अनेक अर्जदार दिलेल्या पत्त्यावर सापडलेच नाहीत, कागदपत्रे आणि छायाचित्रेही जुळेनात. सात हजारांच्या घरातले अर्ज फेटाळले गेले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. सीमेपलीकडे कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदमध्ये याच्या उलट झाले. तिथे खऱ्या मतदारांची नावे काढण्यासाठी दुसऱ्यांच्या नावाने अर्ज गेले, आणि तेही आकड्याने सहा हजारांच्या पुढे. दोन्ही प्रकरणांत संगणकाने अर्ज निमूटपणे स्वीकारले होते. गडबड उघडी पडली ती माणसांच्या पडताळणीत.

म्हणून यादी एकदाची साफ करून टाका, ही मागणी कानाला गोड वाटते. पण साफसफाईलाही इतिहास आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी उत्तर भारतातल्या असंख्य स्त्रियांनी आपले नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी अमान्य ठरवल्या आणि सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. यादी शुद्ध झाली, मतदार मात्र कमी झाले. 2025 मध्ये बिहारच्या विशेष सखोल पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावे गळली, आणि ती कारणांसह जाहीर करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. ताथवड्यात अशी मोहीम निघाली तर पहिला फटका कुणाला बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको. दिवसा कुलूप असलेल्या खोलीतला कामगार ‘आढळून आला नाही’ या शेऱ्याखाली जाईल.

मतदानाच्या दिवशी यादीची शेवटची राखण केंद्रावर होते. पहिल्या मतदान अधिकाऱ्याकडे चिन्हांकित प्रत असते. तो मतदाराचे नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. हा मोठा आवाज उगाच नसतो, तो समोर बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींसाठी असतो. मग नावावर तिरकी रेघ, स्त्री असेल तर अनुक्रमांकाला गोलही. दुसरा अधिकारी बोटाला शाई लावतो आणि नोंदवहीत सही घेतो, तिसरा कंट्रोल युनिटवरून मतपत्रिका खुली करतो. समोरचा माणूस तोतया आहे असे प्रतिनिधीला वाटले, तर विधानसभा-लोकसभेच्या नियमांप्रमाणे दोन रुपये भरून तो आक्षेप घेऊ शकतो आणि केंद्राध्यक्षाला तिथल्या तिथे चौकशी करावी लागते. दोन रुपयांत एवढी मोठी ताकद दुसरीकडे मिळत नाही. पण ती वापरायला प्रतिनिधी मतदारांना तोंडाने ओळखणारा हवा. जुन्या गावठाणात तो सगळ्यांना ओळखतो. बावीस मजली सोसायटीच्या केंद्रावर तो यादीत बोट फिरवत बसतो, कारण तिथे शेजारीच शेजाऱ्याला ओळखत नाही.

‘तुमचे मत पडलेले आहे’ असे ऐकावे लागले, तरी परत फिरू नये. ओळख पटली तर प्रदत्त मत मागता येते. ते कागदी मतपत्रिकेवर घेतले जाते आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवले जाते. एरवी ते मोजत नाहीत, पण निकाल अटीतटीचा असेल तर न्यायालय तो लिफाफा उघडू शकते. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात 2008 साली सी. पी. जोशी एका मताने पडले, तेव्हा प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

शाईचीही परीक्षा नुकतीच झाली. 1962 पासून देशभर वापरात असलेली म्हैसूरची शाई चांदीच्या क्षारामुळे कातडीत मुरते. 15 जानेवारी 2026 च्या महापालिका मतदानात मात्र राज्य आयोगाने मार्कर पेन दिले होते. स्थानिक निवडणुकांत ते 2011 पासून चालत आले होते. खूण पुसली जाते असे व्हिडिओ दुपारपर्यंत फिरले, आरोप झाले, आणि पुढच्या जिल्हा परिषद निवडणुकांसाठी म्हैसूरच्याच शाईकडे परतायचे ठरले. दोन तारे असलेल्या यादीला पक्क्या शाईचा आधार हवाच होता. तो नेमका त्याच निवडणुकीत कच्चा निघाला.

मग यंत्राचे काय? त्यावरचे प्रश्न संपलेले नाहीत. 2010 मध्ये मुंबईच्या सरकारी ताब्यातून बाहेर आलेल्या एका यंत्रावर हरी प्रसाद आणि परदेशी संशोधकांनी प्रयोग करून दाखवले, त्यासाठी प्रसाद यांना अटकही झाली. त्यातून एवढे कळले, की यंत्र हाती लागले तर त्यात फेरफार करता येतो, म्हणून ते कुणाच्या ताब्यात राहते हे महत्त्वाचे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातच सासवडच्या तहसील कार्यालयातून एक कंट्रोल युनिट चोरीला गेले. ते प्रात्यक्षिकाचे होते आणि नंतर सापडलेही, पण कुलपाची लाज गेली ती गेलीच. डिसेंबर 2024 मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने यंत्रातला आकडा पटत नाही म्हणून मतपत्रिकेवर चाचणी मतदान ठरवले, प्रशासनाने ते होऊ दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 च्या निकालाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के यंत्रे तपासून घेण्याची मुभा दिली. एका संचाला 40 हजार रुपये अधिक जीएसटी मोजून पुणे जिल्ह्यातल्या पराभूत उमेदवारांनीही विधानसभेनंतर तसे अर्ज केले. 2025 मध्ये राज्यात झालेल्या तपासण्यांत यंत्रे खरी उतरल्याचे आयोगाने जाहीर केले.

त्यातही एक फरक लक्षात ठेवावा. विधानसभेला मतदाराला सात सेकंद व्हीव्हीपॅटची चिठ्ठी दिसते आणि प्रत्येक मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. महापालिकेला ताथवडेकराने अ, ब, क, ड अशी चार मते दिली, पण चिठ्ठी एकही दिसली नाही, कारण बहुसदस्यीय प्रभागात व्हीव्हीपॅट लावलेच नव्हते. हा आक्षेप रास्त आहे आणि तो पुढच्या निवडणुकीआधी सुटायला हवा.

तरीही यंत्राला सील असते, पहारा असतो, मतदानापूर्वी अभिरूप मतदान असते. यादीला यातले काही नाही. तिच्यापाशी आहे एक बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी: शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेचा कर्मचारी. स्वतःचे काम सांभाळून, बाराशे मतदारांच्या दारोदार फिरणारा. त्याचे मानधन 2025 मध्ये दुप्पट झाले, तेही वर्षाला बारा हजार. सोसायटीचा सुरक्षारक्षक त्याला फाटकावर अडवतो, समितीचे अध्यक्ष भेटत नाहीत, आणि महिन्याला हजार रुपयांत त्याने सहाव्या मजल्यावरचा भाडेकरू कुठे गेला ते शोधावे अशी आपली अपेक्षा असते. मतचोरीच्या भीतीवर जितके बोलले जाते, त्याचा दहावा हिस्सा या माणसाला मदत करण्यात गेला, तर अर्धी यादी आपोआप नीट होईल.

तेव्हा पुढचा मोर्चा निघायच्या आधी एवढे करा. आपले नाव संकेतस्थळावर तपासा. घर बदलले असेल तर नमुना 6 नव्हे, नमुना 8 भरा, म्हणजे जुने नाव आपोआप हलेल. घरातले कुणी वारले असेल तर नमुना 7 देऊन ते नाव काढून घ्या. आणि पुढच्या वेळी बीएलओ फाटकावर आला, तर त्याला आत येऊ द्या.