पाणी ओढले जात नाही, ढकलले जाते

विहिरीच्या काठावरची मोटर पाणी ओढते, पिचकारी रंग ओढते, शहाळ्यातली नळी पाणी ओढते. आपल्या बोलण्यात हे क्रियापद इतके मुरले आहे, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. दाब, उत्प्लावन आणि प्रवाह हे तीन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात, आणि तिन्ही शिकूनही हा समज तसाच टिकून राहतो. माझे म्हणणे असे, की तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: द्रव ओढला जात नाही, दाबातल्या फरकाने ढकलला जातो.

पहिला पुरावा विहिरीतलाच. काठावरचा पंप कितीही अश्वशक्तीचा असो, सुमारे दहा मीटरहून खोल पाणी त्याला चढत नाही. घर्षण आणि गळती धरता प्रत्यक्षात सहा-सात मीटरच. गॅलिलिओने १६३८ साली या मर्यादेची चर्चा केली. पाण्याचा स्तंभ दोरासारखा स्वतःच्याच वजनाने तुटत असावा, असे त्याला वाटले. १६४४ मध्ये टॉरिचेल्लीने पाऱ्याचा प्रयोग मांडला. पाण्याहून १३.६ पट जड असलेला पारा नळीत सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो, म्हणजे पाण्याच्या उंचीपेक्षा तितक्याच पटीने खाली. दोन्ही स्तंभ तोलून धरणारी हवा एकच, म्हणून हा हिशेब जुळतो. तरी शंका उरतेच: नळीच्या वरच्या पोकळीत ओढ नसेल कशावरून? १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कालचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्वी-द-डोम डोंगरावर चढला. माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर उतरला. पोकळी तिथेही होतीच. कमी झाली होती ती बाहेरून रेटणारी हवा. महाबळेश्वरात दहा मीटरची मर्यादा सुमारे नऊवर येते, तीही यामुळेच.

उत्प्लावनही वेगळे नाही. पाण्यात दर मीटर खोलीला दर चौरस मीटरवर एक टन भार वाढतो. एक मीटर बाजूचा ठोकळा बुडवला, की तळाला वर रेटणारे बल माथ्यावरच्या बलापेक्षा टनभर जास्त भरते, आणि ठोकळ्याने बाजूला सारलेले पाणीही नेमके टनभरच असते. आर्किमिडीजचा सिद्धान्त तो हाच. भरती आली तरी गाळात रुतलेली होडी चटकन सुटत नाही, कारण तिच्या तळाखाली पाणी मोकळेपणाने शिरत नाही. खालून रेटणारेच नसेल, तर वस्तू वर येणार कशी?

वाहत्या पाण्याबाबत मात्र आक्षेप येतो. अरुंद जागी पाणी दाटते, तर तिथे दाब वाढायला हवा. बर्नुलीच्या १७३८ च्या ग्रंथातून निघालेला नियम मात्र तिथे दाब घटतो असे सांगतो. उत्तर सोपे आहे. अरुंद भागात शिरताना पाण्याचा वेग वाढतो. वेग वाढायचा तर मागची ढकल पुढच्या अडवणुकीपेक्षा जास्त हवी, म्हणजे पुढे दाब कमीच हवा. शिवाय नळीच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणात ही ढकल खर्च होते. संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी केली, तर तेवढ्याच दाबफरकाने सोळावा हिस्साच पाणी जाते.

सर्वांत वजनदार आक्षेप झाडांचा. कॅलिफोर्नियातले रेडवूड वृक्ष शंभर मीटरहून उंच पाणी चढवतात. हवेची ढकल त्याला पुरणार नाही. इथे पाणी खरोखर ताणले जाते. पानांतून बाष्प निघते, आणि केसाहून बारीक नलिकांतला पाण्याचा अखंड धागा रेणूंच्या आपसातल्या आकर्षणामुळे वर खेचला जातो. हा अपवाद मान्य करायलाच हवा. पण त्या धाग्यात हवेचा बुडबुडा शिरला, की ती नलिका निकामी होते. पंपाच्या पाइपात असा निर्वेध धागा टिकत नाही, म्हणून माझा मुद्दा तिथे कायम राहतो.

सांध्यातून हवा शिरली की मोटर फिरत राहते, पाणी मात्र येत नाही. मोटरने एअर धरली, असे शेतकरी म्हणतात. पाणबुडी मोटर पाण्यातच राहून ते वर ढकलते, म्हणून शेकडो फूट खोल बोअरमध्येही ती चालते. तेव्हा उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले, तर काठासाठी जास्त अश्वशक्तीची मोटर विकत घेऊ नका. आहे तीच पाण्याजवळ उतरवा.