आखूड पाटीवर लांब नाव

एसटीच्या पाटीवर ‘यवतमाळ–दारव्हा–दिग्रस–पुसद’ एका ओळीत बसवायचे, तर अक्षरे अरुंदच हवीत. साधा फॉन्ट संगणकावर आडवा दाबला की उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. ‘ळ’च्या गाठी बुजतात आणि दुरून नाव लागत नाही. मुळातच अरुंद घडवलेल्या फॉन्टमध्ये दंडाची जाडी राखून अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बेताने कमी केलेली असते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा २०२२ मधला ‘अनेक’ हा फॉन्ट याचा उत्तम नमुना: देवनागरीसह नऊ भारतीय लिप्या आणि रोमन, आणि प्रत्येकीत अरुंदापासून ऐसपैसपर्यंत रुंदी हवी तशी बदलता येते.

अरुंदपणाप्रमाणे अक्षराला तिरपेपणाही देता येतो, पण त्याची गोष्ट वेगळी. रोमन लिपीतले तिरपे वळण, म्हणजे इटॅलिक, १५०१ मध्ये व्हेनिसला आल्दुस मनुतियुसच्या छापखान्यातून पुस्तकात आले. देवनागरीला सरळ आणि तिरप्या अक्षरांची अशी जोडी परंपरेने नाही. जोर द्यायला आपण जाड ठसा वापरतो. सरळ अक्षर नुसते कलते केले की गोलाई बिघडते आणि वेलांटी-मात्रा शेजारच्या अक्षरावर झुकतात. त्यामुळे वळणे हाताने दुरुस्त करावी लागतात. अरुंदपणा आणि तिरपेपणा एकत्र आणलेला, एकसारख्या जाडीचा ठसा कबड्डी स्पर्धेच्या फलकावर किंवा बातमीच्या उपशीर्षकात शोभतो, कारण त्यात वेग दिसतो. सलग मजकुरासाठी तो मुळीच वापरू नये.

दुकानाची पाटी करून घेताना अक्षरे दाबू देऊ नका. अरुंद फॉन्टच मागा. ‘अनेक’ तर मोफत मिळतो.