तंजावर : वाचत वाचत पाहायची राजधानी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, भातखाचरांनी वेढलेल्या सखल भूमीवर वसलेले तंजावर हे चोळ, नायक आणि भोसले या तीन राजवंशांच्या राजधानीचे नगर होते, आणि प्रत्येकाने आधीच्यांच्या कामाला लागूनच आपले काम उभे केल्यामुळे येथे पाहण्याइतकेच वाचण्यासारखेही पुष्कळ आहे. दुर्दैवाने बहुतेक प्रवासी थोरल्या देवळाचे छायाचित्र घेऊन तासाभरात पुढे निघतात. या नगराला निदान दोन दिवस द्यायला हवेत.

तमिळ लोक ज्याला ‘पेरिय कोविल’, म्हणजे ‘मोठे देऊळ’, म्हणतात ते बृहदीश्वर मंदिर पहिल्या राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्णत्वास नेले. त्याचे विमान, म्हणजे गर्भगृहावरचे शिखर, तेरा मजली असून सुमारे ६६ मीटर उंच आहे. दक्षिणेतील पुढच्या काळातील मंदिरांत प्रवेशद्वारावरची गोपुरे उंच होत गेली आणि गर्भगृह त्यांच्यामागे दडले, येथे मात्र दृष्टी थेट देवाच्या माथ्यावर जाते. गाळाच्या या प्रदेशात दगड मिळत नाही, म्हणून ग्रॅनाइटचा प्रत्येक चिरा कित्येक कोसांवरून आणावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या उंचीचा खरा अर्थ कळतो. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे हौसेने सांगितले जाते. ती पडते, आणि या वास्तूला अशा आख्यायिकेची गरजही नाही.

खरे आश्चर्य जोत्यावर कोरलेले आहे. राजाने, त्याच्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी देवाला काय काय दिले याची नोंद दगडावर करावी अशी आज्ञा राजराजाने दिली, आणि त्यानुसार दागिन्यांचे वजन, मूर्तींची मापे, दिव्यांसाठी लावून दिलेली जनावरे असा तपशील तमिळ लिपीत ओळीमागून ओळी कोरला गेला. बहीण कुंदवै हिचा उल्लेख तेथे ‘अक्कन्’ असा येतो. मराठी वाचकाला त्यात आपली ‘अक्का’ सहज ओळखू येते. निरनिराळ्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तिकांची नावे, त्यांची मूळ ठिकाणे, त्यांना दिलेली घरे आणि प्रत्येकीला दरसाल मिळणारे भात यांचीही यादी त्यात आहे. विजयाच्या प्रशस्ती अनेक राजांनी कोरवल्या. सेवकवर्गाची अशी नावनिशी हजार वर्षे टिकावी, ही दुर्मीळ गोष्ट होय.

गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळांनी भित्तिचित्रे काढविली होती. नायकांच्या काळात त्यांच्यावर नवा थर देऊन नवी चित्रे रंगवली गेली, आणि १९३१ मध्ये वरचा थर जेथे सुटला होता तेथे जुने रंग दिसले. झाकले गेल्यामुळेच ते वाचले, असे म्हणायला हरकत नाही. हा मार्ग सामान्यतः खुला नसतो, पण अंगणात समोरच बसलेला एकसंध दगडाचा प्रचंड नंदी, जो नायककाळातील मानला जातो, तो सर्वांनाच पाहता येतो.

दुपारी अंगणातील फरशी अनवाणी पायांना सोसवत नाही, तेव्हा ती वेळ राजवाड्यासाठी ठेवावी. नायकांनी बांधायला घेतलेला आणि भोसल्यांनी वाढवलेला हा वाडा आज काहीसा विस्कळीत वाटतो. तरीही त्यातील कांस्यमूर्तींचे दालन चुकवू नये. तिरुवेंकाडू येथे सापडलेला वृषभवाहन शिव तेथे उभा आहे. नंदी हरवला असून ज्या हाताने देव त्याच्या अंगावर रेलला होता तो हात आता मोकळ्या हवेवर विसावलेला दिसतो, आणि ती रिकामी जागा पाहणाऱ्याला मनाने भरावी लागते.

त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास येथे भोसल्यांची गादी स्थापली. त्यांच्या वंशातील दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या हाती राज्यकारभार फारसा उरला नव्हता, कारण १७९९ मध्ये तो इंग्रजांकडे गेला होता. त्यांनी उरलेले सामर्थ्य ग्रंथ जमवण्यात घातले. तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी पोथ्या, ताडपत्रे आणि मोडीतील दप्तरे येथे आहेत, आणि इसापाच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर १८०६ मध्ये सरफोजींच्याच छापखान्यात छापले गेले, म्हणजे मराठी मुद्रणाचा एक आरंभबिंदू कावेरीकाठी आहे.

ऊन उतरल्यावर पुन्हा देवळात यावे आणि यावेळी नैऋत्येकडील ओवऱ्यांच्या भिंतीपाशी जावे. तेथे १८०३ मध्ये सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास देवनागरीत कोरवून घेतला आहे. तो सर्वांत लांब मराठी शिलालेखांपैकी एक मानला जातो. राजराजाच्या दानपत्रांपासून सुमारे आठशे वर्षांच्या अंतरावर, त्याच अंगणात, त्याच रीतीने दगडावर लिहिलेला हा मजकूर मराठी प्रवाशाला कोणाच्या मदतीशिवाय अक्षरे जुळवत वाचता येतो, आणि तिरप्या उन्हात अक्षरांच्या खाचा सावलीने भरल्या म्हणजे तो अधिकच स्पष्ट दिसतो.