चौदा आणे आंबा आणि मॉरिशसचे वाघूळ

रत्नागिरीचा बागायतदार हापूस झाडावर पिकू देत नाही. चौदा आणे तयार झाला की झेल्याने उतरवतो, आढीत घालतो. वटवाघळाला हवे असते मऊ, वास सुटलेले फळ. म्हणून त्याच्या वाट्याला येते ते बहुतेक झाडावर राहून गेलेले. तरीही पहाटे झाडाखाली चोथा दिसला की शिव्या वाघळालाच.

१८३४ नंतर मुंबई बंदरातून जे गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, मॉरिशसला गेले, त्यांत रत्नागिरी भागातली माणसे बरीच होती. त्यांच्या वंशजांच्या परसात आंब्याशेजारी लिचीही असते. आणि लिचीची गोम अशी, की ती तोडल्यावर पिकत नाही. झाडावरच पिकायला हवी, म्हणजे वाघळाच्या समोर.

हे मॉरिशसचे फळवाघूळ, टेरोपस नायजर, जेमतेम अर्धा किलो वजनाचे. डोळे आणि नाक यांच्यावर चालणारे. कीटक खाणाऱ्या वाघळांसारखी प्रतिध्वनीची युक्ती त्याच्याकडे नाही. वर्षाला एकच पिल्लू. या बेटावर मूळचे जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वाघळे. डोडो गेला, अजस्र कासवे गेली; धाकटे फळवाघूळही एकोणिसाव्या शतकात संपले. मोठ्या बियांची झाडे जंगलभर पसरवायला उरले ते हेच. चांगले मूळ जंगल मात्र दोन टक्क्यांहूनही कमी. मग ते लिचीकडे वळणार नाही तर काय?

बागायतदारांच्या तक्रारींवरून सरकारने २०१५ मध्ये ३०,००० हून अधिक आणि पुढच्या वर्षी सुमारे ७,००० वाघळे मारली. वर्षाला एक पिल्लू देणाऱ्या जिवाला ही खोट भरून काढायला किती वर्षे लागतील? २०१८ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला 'संकटग्रस्त' ठरवले. व्हिन्सेंट फ्लोरेन्स आणि क्लॉडिया बायडर यांच्या २०१९ च्या अभ्यासात तर असे दिसले, की एवढी कत्तल होऊनही बागायतदारांचा नफा वाढला नाही. झाड बुटके ठेवून वर जाळी टाकणे, हा उपाय तिथे आधीपासून होता.

आपल्याकडे फळवाघळे कायद्याने उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत, 'उपद्रवी' म्हणून बसवलेली होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. बिया दूर नेण्याचे काम तीही करतात; किनाऱ्यालगतच्या परसात, जवळपास उंडीचे झाड नसताना उंडीची बी सापडली, तर ती कुणी टाकली हे आता ओळखता येईल.